पंधरा वर्षे कशासाठी?

महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेतून कुणाची नावे गळली, यावर रोज बातम्या येताहेत. चर्चा उत्पन्नाची होते, चारचाकीची होते. रहिवासाच्या अटीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. दरमहा १५०० रुपयांसाठी डोमिसाईल लागते. ते नसेल तर १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, नाहीतर शाळा सोडल्याचा वा जन्माचा दाखला. परराज्यात जन्मलेल्या बाईने इथल्या पुरुषाशी लग्न केले असेल तर नवऱ्याची कागदपत्रे चालतात. एकटीने येऊन इथे दहा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती वाट नाही. तेल-साबणावरचा जीएसटी तीही भरते.

हे घटनेत बसते का? सरकारी नोकरीत केवळ रहिवासावरून भेदभाव करायला कलम १६(२) मनाई करते. अपवाद करायचा तर कलम १६(३) प्रमाणे तो संसदेनेच करायचा. कलम १५ मध्ये मात्र धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढेच आहे. रहिवास नाही. ही फट १९५५ सालच्या जोशी खटल्यात उघड झाली. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, दिल्लीहून आलेल्या विद्यार्थ्याला ती भरावी लागली. जन्मस्थान वेगळे आणि रहिवास वेगळा, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो नियम टिकवला. सात दशके राज्ये याच निकालाचा आधार घेत आली आहेत.

राज्याने आपल्या तिजोरीचा विचार करावा, हे मान्य. पण कुणी इथे राहते एवढेच पाहायचे तर वर्षभराचा पुरावा पुष्कळ झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली सरकारी मदतीसाठीची एका वर्षाची अटसुद्धा रद्द केली. १५ वर्षांच्या अटीतून माणूस मूळचा कुठला हेच तपासले जाते, म्हणजे घटनेने नाकारलेले जन्मस्थान मागच्या दाराने आत येते. कलम ४१ सरकारी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते; पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही.

रेशनच्या बाबतीत मार्ग निघाला. टाळेबंदीत मजुरांचे झालेले हाल पाहून सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ महिनाभरात लागू करायला राज्यांना बजावले. २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर ही सोय देशभर झाली. बीडच्या ऊसतोड मजुराला आपले धान्य आता कर्नाटकातही उचलता येते. अर्थात आधी कार्ड हवे, आणि धान्याचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवरच अडला आहे.

धान्याला राज्याची हद्द आड येत नाही, मग मदतीला का यावी? महाराष्ट्राने १५ वर्षांची अट काढून एका वर्षाच्या वास्तव्याची ठेवावी, आणि एकट्या बाईकडे नवऱ्याचा कागद मागू नये.