पंपातले औषध जाते कुठे?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात कोळशाची धूळ आहे, चुलीचा धूर आहे. दमेकरी माणसाची धाप आपण सारेच ओळखतो. ‘पंप घेतला, पण गुण नाही,’ असे पुष्कळजण सांगतात. बंधू-भगिनींनो, दोष दर वेळी औषधाचाच नसतो.

१९८१ साली लंडनमध्ये न्यूमन व सहकाऱ्यांनी फवाऱ्यातील कणांना किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम लावून ते शरीरात कुठे बसतात हे बाहेरून मोजले. फुप्फुसात पोचले सुमारे ९ टक्के. ८० टक्के तोंडात व घशातच राहिले! फवारा भरधाव सुटतो आणि मोठे कण घशाच्या वळणावर वळू न शकल्याने तिथेच आदळतात. आता सी.टी. स्कॅनवरून श्वासनलिकांचा नकाशा संगणकात उतरवून कणांची वाट गणिताने काढता येते. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण खोलवर जातात, तेही श्वास सावकाश घेतला तर.

म्हणून मध्ये स्पेसर हवा. तो परवडत नसेल तर? १९९९ साली केपटाऊनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून, त्यात पंप बसवून, फट बुजवून दमेकरी मुलांना औषध दिले. गुण विकतच्या स्पेसरइतकाच आला. पंप हलवून एका वेळी एकच फवारा सोडावा; मूल पाच-सहा श्वास सावकाश घेईपर्यंत बाटली तोंडातून काढू नये.