घंटा वाजेल, धावून कोण येईल?

दिवाळीची सुटी लागली, की शहरातील कुटुंबे गावाकडे निघतात आणि इमारतीतील निम्म्या दारांना कुलपे दिसू लागतात. वाड्यात वा चाळीत राहणाऱ्या माणसाला घराची राखण हा स्वतंत्र खर्चाचा विषय कधी वाटला नाही. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजले, की समोरच्या खोलीतील आजीबाई ‘कोण पाहिजे?’ असे विचारीतच असत. अर्थशास्त्राच्या भाषेत ही एक विनामूल्य सेवा होती; आणि अशा सेवेचे मोल ती नाहीशी झाल्यावरच कळते. सदनिकांच्या बंद दारांमागे ती नाहीशी झाली. तिची जागा आता तारा, चुंबक, बॅटरी व भोंगा यांनी घेतली आहे. या अदलाबदलीत पगारदार गृहस्थाच्या पदरात नेमके काय पडते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

विजेवर चालणारी धोक्याची घंटा ही काही आजची वस्तू नव्हे. अमेरिकेतील सॉमरव्हिल येथील ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली तिचे पेटंट घेतले आणि १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेऊन तिचा व्यवसाय उभारला. पोप यांच्या रचनेत दार उघडले, की विद्युत्‌मंडल पूर्ण होई व घंटा वाजे. यातील उणीव उघड आहे. चोराने आधीच तार कापली, तर घंटा मुकी होणार! पुढे रूढ झालेली रचना याच्या नेमकी उलट आहे. दाराच्या चौकटीवर एक लहान स्विच व फळीवर चुंबक बसवितात. दार बंद असेतो चुंबकाच्या ओढीने स्विच जोडलेला राहतो आणि तारेतून अल्पसा प्रवाह अखंड वाहत असतो. दार उघडले वा तार तुटली, की प्रवाह थांबतो आणि भोंगा वाजतो.

न दिसणारे काम

तथापि, तार कापण्याऐवजी दोन्ही तारा सोलून स्विचच्या अलीकडेच एकमेकींस जोडल्या तर? दार उघडले तरी प्रवाह चालूच राहील आणि नियंत्रण-पेटी निर्धास्त राहील. यावर उपाय म्हणून तारेच्या दूरच्या टोकाशी, म्हणजे स्विचजवळ, एक रोधक बसवितात. मग ठरावीक प्रवाहापेक्षा कमी वा अधिक, कोणताही फरक पेटीच्या लक्षात येतो. हा रोधक अगदी क्षुल्लक किमतीचा असतो. परंतु तो दूरच्या टोकाशी बसविण्यास कष्ट पडतात, म्हणून घाईत असलेला कारागीर तो पेटीतच बसवून मोकळा होतो. घंटा तशीही वाजते, चाचणीही यशस्वी होते, फक्त ज्या युक्तीसाठी रोधक असतो, तिच्यापासून संरक्षण उरत नाही. ग्राहकाला याचा थांगपत्ताही लागत नाही.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले व ज्यासाठी त्याला २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, ते येथे तंतोतंत लागू पडते. मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असला, म्हणजे चांगल्या कामाला चांगला भाव मिळत नाही व हळूहळू चांगला कारागीरच बाजारातून बाहेर पडतो. केसिंग-पट्टी सरळ मारली आहे का, एवढे ग्राहक पाहतो. आतील जोड त्याला दिसत नाही.

बॅटरीचेही तसेच. वीज गेल्यावर पेटीला तिचाच आधार असतो. १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि यंत्रणा ०.१५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर कागदावर सुमारे ४६ तास मिळतात. प्रत्यक्षात भोंगा अधिक प्रवाह खेचतो आणि जुन्या बॅटरीची धारणाशक्तीही घटलेली असते. बिनतारी यंत्रणेत तारांची कटकट नाही. पण प्रत्येक दारावरील सेल बदलावे लागतात, आणि वीज जाऊन घरातील इंटरनेट बंद पडले, तर त्यावर विसंबलेला मोबाईलवरील निरोप मालकापर्यंत पोहोचतच नाही. सारांश, खरेदीची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो.

लांडगा आला रे

याहून मोठा प्रश्न घंटा वाजल्यानंतरचा आहे. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या अशा सूचनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक खोट्या असल्याचे आढळून आले. मालकाची चूक वा सैल बसविलेला स्विच एवढे कारण त्याला पुरते. खर्च सार्वजनिक तिजोरीचा आणि सोय खाजगी मालकाची, असा हा व्यवहार होता. अखेर सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० साली नियम केला, की प्रत्यक्ष जाऊन कोणी खातरजमा केल्याखेरीज पोलीस केवळ घंटेच्या हाकेवर धावणार नाहीत. आपल्याकडील इमारतीत वेगळे काय घडते? दोनदा विनाकारण भोंगा वाजला, की तिसऱ्या वेळी शेजारी खिडकी लावून घेतात.

शिवाय ज्या दारावर यंत्रणेची पाटी आहे, ते सोडून चोर शेजारच्या दाराकडे वळला, तर समाजाच्या दृष्टीने चोरी टळलेली नसते, ती केवळ सरकलेली असते. आयर्स व लेव्हिट यांनी १९९८ मध्ये मोटारींत दडविलेल्या शोधयंत्रांचा अभ्यास केला. कोणत्या मोटारीत यंत्र आहे हे चोराला कळत नसल्याने त्याचा लाभ यंत्र नसलेल्या मोटारींनाही मिळतो, असे त्यांना दिसून आले. एकेकट्याने केलेली तटबंदी आणि सर्वांना उपकारक ठरणारी सुरक्षा यांतील हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

यावरून यंत्रणा निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. वृद्ध दांपत्याला वा एकट्या राहणाऱ्या स्त्रीला तिचा आधार मोलाचा असतो. मात्र ती प्रत्येकाने वेगळी विकत घेण्यापेक्षा गृहनिर्माण संस्थेने एकत्रितपणे बसवून घ्यावी. काम पाहून घेण्यासाठी जाणकार नेमावा, रोधक कोठे बसविला आहे ते दाखवून घ्यावे, सहामाही चाचणीत वीज बंद करून बॅटरी अजमावावी आणि घंटा वाजल्यास कोणत्या दोन घरांनी प्रथम पाहावयाचे, हे आधी लिहून ठेवावे. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाही यंत्रणा समजावून द्यावी. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी १९८१ सालापासून कायदा आहे. पण यंत्र आले म्हणून त्या माणसाचे वेतन कापण्याचा मोह अनेक संस्थांना होतो. तसे झाले, तर घंटा ऐकून जिना चढून येणारा एकमेव माणूसही उरणार नाही. यंत्र हाक मारू शकते. त्या हाकेला ओ देणारे माणूस विकत घेतलेल्या पेटीत नसते, त्याची तजवीक इमारतीतील रहिवाशांनीच करावयाची असते.