लखनौ घेण्याची क्रियापदं

१८५२ साली लंडनमध्ये एक अजब पुस्तक छापून आलं. पीटर मार्क रॉजे नावाच्या, सत्तरी ओलांडलेल्या एका डॉक्टरानं इंग्रजी शब्द अकारविल्हे न लावता अर्थाच्या गणगोताप्रमाणे मांडले होते. एकमेकांच्या जवळचे शब्द शेजारी शेजारी. इंग्रजीत दुसऱ्याचं काढून घेणं, दुसऱ्याला उठवून त्याच्या जागी बसणं, या एका कुळातच केवढी प्रजा आहे बघा: सीझ, युसर्प, डिपोज, सप्लांट, सुपरसीड, अ‍ॅनेक्स, अ‍ॅप्रोप्रिएट, कॉन्फिस्केट. शाळेत आपण यांना समानार्थी म्हणून मोकळे झालो. पण खरंच यांचा अर्थ एक आहे का?

हा प्रश्न त्याच सुमाराला लखनौमधल्या एका इंग्रजाला पडला होता, आणि त्याच्या उत्तरावर अख्खं राज्य टांगलेलं होतं. विल्यम स्लीमन, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच, १८४९ पासून अवधच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट होता. त्यानं पत्रात लिहिलं त्याचा मतलब असा: अवध ‘अ‍ॅनेक्स’ करण्याचा किंवा ‘कॉन्फिस्केट’ करण्याचा आपल्याला हक्क नाही. १८३७ च्या तहाप्रमाणे तिथला कारभार हाती घेण्याचा हक्क आहे, पण तिथला महसूल ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ करण्याचा नाही. एवढ्याशा जागेत चार क्रिया, आणि प्रत्येकीचा परिणाम निराळा! एकीत राजा राजाच राहतो, दुसरीत राजा पेन्शनर होतो, तिसरीत तिजोरी कलकत्त्याला जाते. आपण मराठीत सातारा, नागपूर, झाशी, अवध या सगळ्यांना ‘खालसा’ हा एकच शिक्का मारतो. घेणाऱ्यानं मात्र प्रसंग बघून शब्द निवडला होता, अगदी पारखून.

पण आधी ज्याचं राज्य गेलं त्याची पदवी पाहा. नवाब! कानाला केवढा भरजरी शब्द. मूळ अरबीत तो ‘नायब’चं अनेकवचन. नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम पाहणारा. आपल्या नायब तहसीलदारातला नायब. अवधचे नवाब दिल्लीच्या बादशहाचे वजीर म्हणून राज्य करत होते. म्हणजे ज्यांना पुढे बदललं गेलं, तेच मुळात कोणाचे तरी बदली होते.

कंपनीचं लखनौ-प्रकरणातलं पहिलं क्रियापद तर चक्क उलटं आहे. १७६४ मध्ये बक्सारला शुजाउद्दौला हरला. जिंकलेला अवध कंपनीनं काय केला? १७६५ च्या अलाहाबादच्या तहानं बराचसा परत केला, पन्नास लाख रुपये खंडणी ठरवून. परत केला! आणि परत देणारा हा मूळ मालकच असतो, नाही का? न घेताच मालकी सिद्ध झाली.

१७९७ मध्ये नवाब असफउद्दौला वारला, वझीर अली गादीवर आला, कंपनीनं त्याला मान्यताही दिली. चारेक महिन्यांत गव्हर्नर जनरल सर जॉन शोर स्वतः लखनौला आला आणि हा असफउद्दौलाचा खरा मुलगाच नाही असा निवाडा देऊन त्याला उतरवलं. बनारसहून असफउद्दौलाच्या भावाला, सआदत अली खानाला आणून बसवलं. वर्षाला ७६ लाख रुपये देईन असं नव्या नवाबानं कबूल केलं. इथे ‘डिपोज’ म्हणजे खाली ठेवणं, उतरवणं. आणि ‘सप्लांट’? त्याच्या लॅटिन मुळाशी आहे तळपाय: दुसऱ्याच्या पायाखाली पाय घालून त्याला पाडणं. पायात पाय घालणं ही कला आपल्याकडचीच आहे असं मला इतके दिवस वाटायचं!

१८०१ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीनं सआदत अलीकडून निम्मं राज्य काढून घेतलं. रोहिलखंड आणि दुआब, वार्षिक उत्पन्न १ कोटी ३५ लाख. कागदावरचं क्रियापद ‘सीड’, म्हणजे सोडून देणं. व्याकरणात कर्ता कोण? नवाब. कंपनीनं काही घेतलेलं नाही; नवाबानं दिलं.

१८१९ चा प्रकार सगळ्यांत मजेदार. कंपनीनंच गाझीउद्दीन हैदरला सुचवलं की बाबा रे, दिल्लीचा वजीर कशाला राहतोस, स्वतःच बादशहा हो. दरबारातल्या रॉबर्ट होम या इंग्रज चित्रकारानं मुकुटाची रचना केली, लाल बारादरीत राज्याभिषेक झाला. ज्याच्या दारावर कंपनीची पलटण त्याच्याच पगारावर उभी होती, तो ‘राजा’ झाला. या एका मुकुटानं लखनौची शान वाढली की नाही कोण जाणे, दिल्लीची मात्र नक्कीच उतरली.

मग ती १८३७ मधली, ७ जुलैची रात्र. राजा नसीरुद्दीन हैदर अचानक वारला. रेसिडेंट होता कर्नल जॉन लो. हा आपल्याही इतिहासातला माणूस. दुसरा बाजीराव बिठूरला गेल्यावर त्याच्यावर देखरेखीसाठी कंपनीचा कमिशनर म्हणून जो बसला, तो हाच. लोनं रातोरात मृत राजाच्या वयस्कर चुलत्याला गाठलं आणि त्याच्याकडून एक कागद सही करून घेतला: मला गादीवर बसवलंत तर गव्हर्नर जनरल सांगेल त्या नव्या तहावर मी सही करीन. तह कुठला, कलमं कुठली, काही पत्ता नाही. सही मात्र आधीच!

इतक्यात राजघराण्यातली पादशाह बेगम हत्यारबंद माणसं घेऊन वाड्यात घुसली आणि मुन्नाजान या मुलाला लाल बारादरीतल्या तख्तावर बसवून मोकळी झाली. दरबार भरला, नजराणे सुरू झाले. लोनं निर्वाणीचा निरोप धाडला, मग तोफा आणल्या. काही तासांत मुन्नाजान आणि बेगम कैदेत, पुढे चुनारच्या किल्ल्यात. आणि त्याच तख्तावर चुलता मुहम्मद अली शाह. मुन्नाजान बसला ते इंग्रजीत ‘युसर्प’, मुहम्मद अली बसला ते ‘सक्सीड’. तख्त तेच, सकाळही तीच.

आता आधीच सही झालेला तो तह. त्यात लिहिलं होतं की राज्यात अंदाधुंदी माजली तर कंपनीनं आपले अधिकारी नेमून कारभार पाहावा, पण उरलेला पैसा राजाचाच. सहकारी सोसायटीवर प्रशासक नेमतात ना, तसं. कमिटी घरी जाते, फ्लॅट कोणाचा जात नाही. शिवाय राजानं एका नव्या फौजेसाठी वर्षाला सोळा लाख द्यायचे. लंडनच्या संचालकांना हे काही रुचलं नाही. त्यांनी १८३८ मध्ये अख्खा तह रद्द ठरवला. आणि गव्हर्नर जनरल ऑकलंडनं राजाला काय कळवलं? तुमचे सोळा लाख माफ! फक्त एवढंच, तेही मेहरबानी केल्याच्या थाटात. तह मेला हे तह करणाऱ्यालाच सांगितलं नाही. तो कंपनीच्या तहांच्या संग्रहात छापलाही गेला, आणि स्लीमनसारखा मुरलेला अधिकारी पुढे कित्येक वर्षं त्याचाच दाखला देत राहिला.

या मेलेल्या तहाला १८५५-५६ मध्ये किती किंमत आली बघा. तो जिवंत असता तर प्रशासक नेमता आला असता, पण महसूल गिळता आला नसता. गव्हर्नर जनरल डलहौसीला अवध घेण्यासाठी शब्द हवा होता. साताऱ्याला १८४८ मध्ये, झाशीला १८५४ मध्ये त्यानं ‘लॅप्स’ वापरला. लॅप्स म्हणजे घसरणं. औरस वारस नाही म्हणून राज्य आपोआप घसरून कंपनीच्या ओंजळीत. पण अवधच्या तेव्हाच्या राजाला, वाजिद अली शाहला, मुलगे होते! इथे काही घसरेना. हे फळ एक दिवस आपल्या तोंडात टपकेल, असं डलहौसीनं खासगी पत्रात आधीच लिहून ठेवलं होतं, आणि फळ म्हणून त्याला चेरी सुचली होती. टपकणारी चेरी, घसरणारा सातारा. सगळं कसं गुरुत्वाकर्षणानं!

शेवटी ‘अ‍ॅश्यूम’ या सभ्य क्रियापदावर काम चाललं. अ‍ॅश्यूम म्हणजे जबाबदारी अंगावर घेणं. ज्या लोनं नागपूर घेण्याला कौन्सिलमध्ये स्पष्ट विरोध केला होता, त्यानंही अवधसाठी मान डोलावली.

४ फेब्रुवारी १८५६. लखनौची जर्द कोठी. रेसिडेंट जेम्स आउट्रम सात कलमांचा तह घेऊन राजापुढे आला. कारभार कायमचा कंपनीकडे, पदवी राजाची, वर्षाला बारा लाख, वर पहारेकऱ्यांसाठी तीन. वाड्यावर आणि दिलकुशा, बीबियापूरच्या बागांवर सत्ता राहील, फक्त देहदंड देता येणार नाही. राजानं पहारेकऱ्यांची हत्यारं आधीच उतरवून ठेवायला लावली होती. त्यानं कागद वाचला, आणि म्हणाला ते साधारण असं: तह बरोबरीच्यांत होतात, मी कोण, माझ्याशी तह कसला? मग डोक्यावरची पगडी काढून त्यानं आउट्रमच्या हातात ठेवली. सही मात्र केली नाही.

आउट्रमनं तीन दिवसांची मुदत दिली. आणि इथे कंपनीची खरी पंचाईत झाली. नव्वद वर्षं प्रत्येक क्रियापदाचा कर्ता नवाबच होता: त्यानं दिलं, त्यानं सोडलं, त्यानं कबूल केलं. या वेळी कर्ताच मिळेना! लढला असता तर ‘काँकर’ म्हणता आलं असतं, सही दिली असती तर ‘सीड’. त्यानं दोन्ही केलं नाही. ७ फेब्रुवारीला जाहीरनामा लागला, एकतर्फी. तीन दिवसांनी स्लीमन मायदेशी जाताना बोटीवर वारला.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांसाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षं झगडले, तशी वाजिद अलीची आई मलिका किश्वर त्याच वर्षी लंडनला गेली. हाती काही लागलं नाही. १८५८ मध्ये पॅरिसमध्ये तिचं निधन झालं. लंडनमध्ये १८५७ साली अवधच्या बाजूनं एक पुस्तक मात्र निघालं, लेखकाचं नाव न घालता: ‘डेकॉयटी इन एक्सेल्सिस’. इंग्रजीत एवढे शब्द असताना लेखकाला नेमका आपला ‘डाका’ उचलावा लागला!

आणि जाहीरनाम्यातलं क्रियापद? अवधचा कारभार यापुढे केवळ कंपनीत आणि कायमचा ‘व्हेस्ट’ झाला आहे, असं त्यात होतं. हा शब्द माझा सगळ्यांत लाडका. लॅटिन ‘व्हेस्टिस’ म्हणजे कपडा. आपलं ‘वस्त्र’ आणि तो एकाच मुळातून फुटलेले. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं यायची, दिल्लीहून खिलअत यायची. सत्ता म्हणजे अंगावर चढवायचा पोशाख, ही कल्पना थेम्सकाठीही तीच. फरक एवढाच की लखनौत कंपनीनं वस्त्रं स्वतःच स्वतःला दिली.

१८५७ मध्ये लखनौ पेटलं. शहरातले लोक ज्याला बेलीगारद म्हणत त्या रेसिडेन्सीला वेढा पडला, वाजिद अलीची बेगम हजरत महल हिनं आपल्या मुलाला, बिरजीस कद्रला, गादीवर बसवलं. मार्च १८५८ मध्ये शहर पुन्हा इंग्रजांच्या हाती आलं आणि गव्हर्नर जनरल कॅनिंगनं मोजके एकनिष्ठ तालुकदार सोडून अवधची सारी जमीन ‘कॉन्फिस्केट’ केली. स्लीमननं नको म्हणून सांगितलेला दुसरा शब्दही वापरून झाला.

ऑगस्ट १८५८ मध्ये पार्लमेंटनं कायदा केला: हिंदुस्थानचा कारभार यापुढे कंपनीत ‘व्हेस्ट’ राहणार नाही, तो राणीच्या नावानं चालेल. कायमची म्हणून चढवलेली वस्त्रं अडीच वर्षांत उतरली, आणि या वेळी कंपनीची सही कोणी मागितलीसुद्धा नाही.