जुन्या ट्रकला कोणता कॉम्प्रेसर?

१९७०च्या दशकातल्या अमेरिकी फोर्ड पिकअप ट्रकांच्या एसीत बहुधा यॉर्क किंवा टेकुमसेचा दोन सिलिंडरांचा कॉम्प्रेसर असे. रचना छोट्या इंजिनासारखी: क्रँकशाफ्ट, दोन पिस्टन आणि तळाशी स्वतःचं तेल. यंत्र दणकट, पण दोनच पिस्टन असल्यामुळे हादरे फार. ब्रॅकेटचे बोल्ट अधूनमधून तपासावेच लागतात.

त्याच्या जागी अनेक जण आता सँडेनचा एसडी-५०८ बसवतात. यात पाच पिस्टन शाफ्टभोवती गोलाकार मांडलेले असतात आणि डुलणारी तिरकी तबकडी त्यांना एकामागून एक ढकलते. एका फेऱ्यात सुमारे १३८ घन सेंटिमीटर वायू खेचला जातो. काम पाच जणांत वाटलं गेल्याने इंजिनावर झटके कमी येतात.

मात्र याचं तेल गॅसबरोबर नळ्यांतून फिरतं; गळती झाली की तेलही घटतं. आर-१२ या जुन्या गॅसवरून आर-१३४ए या नव्या गॅसवर जाताना तर जुनं खनिज तेल चालतच नाही, कारण ते नव्या गॅसमध्ये मिसळत नाही आणि कॉम्प्रेसरकडे नीट परतत नाही. म्हणून तेल आणि ओलावा शोषणारा ड्रायर बदला, व्हॅक्यूम करा, मगच गॅस भरा. एवढी काळजी घेतली, तर जुन्या ट्रकसाठी सँडेनच उजवा.