लंडनची भोजनगृहे आणि आमचे पथ्यपत्रक

कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या पाटणसारख्या गावातील वैद्याने लंडनमधील भोजनगृहांचा विचार का करावा, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या ज्येष्ठ रुग्णांपैकी अनेकांची मुले परदेशी स्थिरावली आहेत. ‘सहा महिने मुलाकडे चाललो आहोत, तिकडे काय खावे?’ हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांस विचारला जातो. त्यावर आम्ही आमचे नेहमीचे छापील पथ्यपत्रक हाती देत असू. त्यातील दोन वाक्ये ठळक होती : बाहेरचे खाऊ नये, सूर्यास्तापूर्वी जेवावे.

मधुमेहाच्या एका वृद्ध रुग्णेने ही दोन्ही वाक्ये लंडनमध्ये निष्ठेने पाळली. महिना डिसेंबरचा होता. तेथे त्या दिवसांत चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. बाई साडेतीन वाजता जेवून घेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही घेत नसत. शनिवार-रविवारी सारे कुटुंब बाहेर जेवावयास गेले, तर या कोरा चहा घेऊन बसत. आमच्या औषधाबरोबर त्यांच्या आधुनिक गोळ्याही चालू होत्या. एके रात्री घाम फुटून हातपाय थरथरू लागले. सुनेने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी दिले, म्हणून निभावले. दोष रुग्णेचा नव्हता आणि लंडनचाही नव्हता. तो आमच्या पत्रकाचा होता.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. आम्ही उपयोक्त्याची नाडी पाहिली, देश आणि काल मात्र पाटणचेच धरले. आपल्याकडे वर्षभरात सूर्यास्ताची वेळ साधारण सव्वा तासाने पुढेमागे होते. लंडनमध्ये हा फरक सुमारे साडेपाच तासांचा असून जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. तेथे ‘सूर्यास्तापूर्वी’ या शब्दास काय अर्थ उरतो? पूर्वीचे अन्न जिरल्यावर, भुकेच्या वेळी आणि निजण्यापूर्वी दोन-तीन तास, हा नियम मात्र कोणत्याही अक्षांशावर टिकतो. आधुनिक गोळ्या वा इन्शुलिन चालू असल्यास जेवणाच्या वेळा संबंधित डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात.

आता ‘बाहेरचे’ म्हणजे काय ते पाहू. लंडनमध्ये भारतीय भोजनगृहांची परंपरा जुनी आहे. शेख दीन महोमेत यांनी 1810 साली पोर्टमन स्क्वेअरजवळ हिंदुस्थानी कॉफी हाऊस काढले. ते चालले नाही. पुढे याच गृहस्थांनी ब्रायटन येथे बाष्पस्नान व चंपीचा व्यवसाय थाटला आणि राजदरबारी नाव मिळविले. स्वेदन-अभ्यंगाशी नाते सांगणारा हा उद्योग खानावळीपेक्षा अधिक चालला, हे आपल्या व्यवसायबंधूंस रुचावे. रीजंट स्ट्रीटवर 1926 साली वीरस्वामी हे भोजनगृह सुरू झाले. 1951 मध्ये स्थापन झालेला स्ट्रँडवरील इंडिया क्लब, जेथे कित्येक पिढ्यांनी डोसा खाल्ला, तो 2023 च्या सप्टेंबरात बंद झाला. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचे आहे. सणासुदीस तेथे आपली माणसे भेटतात.

पथ्याच्या दृष्टीने उपयुक्त ठिकाणे निराळी आहेत. निसडनच्या स्वामीनारायण मंदिरालगतच्या शायोना भोजनगृहात कांदा-लसूणविरहित शाकाहार मिळतो. वेंब्लीचा ईलिंग रोड गुजराती दुकानांनी गजबजलेला आहे. यूस्टन स्थानकाजवळची ड्रमंड स्ट्रीट भेळपुरी आणि दाक्षिणात्य शाकाहारी पदार्थांसाठी ओळखली जाते. इडली-सांबार हा वृद्धांस तेथे सोपा पर्याय. हाउन्स्लो येथे 2010 मध्ये सुरू झालेल्या श्रीकृष्ण वडापावने वडा व मिसळ तेथील मराठी माणसापर्यंत नेली. गावची आठवण म्हणून क्वचित खाण्यास हरकत नाही. मात्र अम्लपित्ताच्या रुग्णास ते रोजचे जेवण सांगता येणार नाही. भारतीय म्हणून पथ्यकर, ही समजूत येथे जितकी चुकीची तितकीच तेथेही.

उलटपक्षी इंग्रजी भोजनगृहातही पथ्य सांभाळता येते. ओटची लापशी आपल्या पेजेची जवळची नातलग आहे. भाज्यांचे गरम सूप, भाजलेला बटाटा, वाफवलेल्या भाज्या सहज मिळतात. सूप कोंबडीच्या अर्कात केलेले नाही ना, बटाटा वा चिप्स गाईच्या चरबीत तळलेले नाहीत ना, हे विचारावे. चीजमध्येही काही वेळा वासराच्या जठरातील रेनेट असते. ‘व्हेगन’ पदार्थांत दूध-तूपही नसते. मत्स्याहारी रुग्णांस फिश पायबद्दल आवर्जून सांगावे : त्यात मासे दुधाच्या सॉसमध्ये शिजवतात. आपल्या विरुद्धाहाराच्या व्याख्यानातील उदाहरण तेथे ताटात येते.

विचारण्याचा संकोच मात्र रुग्णाच्या मनातून काढावा लागतो. दूध, गहू, शेंगदाणे, तीळ आदी चौदा वावडी उत्पन्न करणाऱ्या घटकांची माहिती देणे तेथील भोजनगृहांस 2014 च्या डिसेंबरपासून बंधनकारक आहे. इंग्लंडमधील मोठ्या भोजनगृहांस 2022 पासून पदार्थांसमोर उष्मांकही छापावे लागतात. पाणी बहुधा थंड, बर्फासह येते. गरम पाणी मागितले तर मिळते. राशीचा, म्हणजे मात्रेचा विचार करता एक ताट दोघांत घेण्यात कमीपणा नाही.

औषधालयचालकांसाठी दोन शब्द. वनौषधींविषयीच्या युरोपीय निर्देशाची संक्रमणमुदत 2011 च्या एप्रिलमध्ये संपली आणि ब्रिटनमध्ये नोंदणीविना तयार वनौषधींच्या विक्रीवर बंधने आली. पारा, शिसे वा सोमल असलेल्या कल्पांबाबत तेथील औषध नियंत्रकांनी वारंवार इशारे दिले आहेत. म्हणून प्रवासी रुग्णास कागदी पुड्या बांधून देऊ नयेत. मूळ बंद वेष्टन, घटकांची इंग्रजी नोंद, बिल आणि चिठ्ठी बरोबर द्यावी. रसकल्प देण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रवासी रुग्णांसाठी छापील पत्रक देणे थांबविले. रुग्ण कोणत्या महिन्यात जाणार, घरी स्वयंपाक कोण करते, आठवड्यात किती वेळा बाहेर जेवण होते, हे विचारून हाताने चिठ्ठी लिहितो. नाचणीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे ज्यांस सात्म्य आहे, त्यांस निघण्यापूर्वीच पादांशिक क्रमाने ओट व गव्हाच्या पावाची थोडी सवय करावयास सांगतो. यास प्रत्येकी पंधरा मिनिटे अधिक लागतात. वैद्यबंधु-भगिनींनी आपापल्या पत्रकातील ती दोन ठळक वाक्ये एकदा पुन्हा वाचावीत, एवढीच विनंती.