डॉक्टर होणाऱ्याची सोबत

शिरूर, न्हावरे, केडगाव, दौंड या पट्ट्यातील मुले-मुली आता वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिका-इंग्लंडपर्यंत जातात. घराला त्याचा अभिमान असतो, आणि तो असायलाच हवा. मात्र त्या शिकाऊ डॉक्टरबरोबर गेलेल्या सुनेचे किंवा जावयाचे दिवस कसे जातात, याची चौकशी फारशी होत नाही. सुट्टीत माहेरी आलेल्या अशा मुली माझ्या दवाखान्यात येतात त्या डोकेदुखी, आम्लपित्त, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन. तपासणीत काही निघत नाही. दोन शब्द आपुलकीने विचारले, की खरे दुखणे बाहेर येते : "ते घरी असतात, पण नसल्यासारखेच."

हा थकवा कोणता?

दिवसभर उसाच्या फडात राबलेला माणूस रात्री गाढ झोपला, की सकाळी पुन्हा उभा राहतो. काही थकवा मात्र झोपेने जात नाही. त्याला 'बर्नआउट' म्हणतात. आपण 'कामाने करपणे' म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याचे वर्णन केले. तिच्या मते हा स्वतंत्र आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच राहिल्याने येणारी ही अवस्था आहे. तिची लक्षणे तीन : अंगातले त्राण संपणे, कामावरून मन उडणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि 'माझ्या हातून काही धड होत नाही' असे वाटणे. घरात हे असे दिसते : जेवताना शब्द नाही, रुग्णांविषयी तुसडे बोलणे, क्षुल्लक कारणावरून चिडचिड, आणि सुट्टीचा दिवस पलंगावर.

तासांचा हिशेब

अमेरिकेत शिकाऊ निवासी डॉक्टरांसाठी २००३ पासून आठवड्याला ८० तास कामाची मर्यादा आहे, तीही चार आठवड्यांच्या सरासरीने. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यातून ८० गेले. रोजची सात तास झोप धरली तर ४९ गेले. उरले ३९, म्हणजे रोज साडेपाच तास. त्यातच जाणे-येणे, आंघोळ, जेवण आणि परीक्षेचा अभ्यास. जोडीदाराच्या वाट्याला काय येणार?

दौंडच्या रेल्वे कुटुंबांना हे समजावून सांगावे लागणार नाही. रात्रभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर दिवसा झोपतो, तेव्हा घरातली पोरे दबकत चालतात. पण क्वार्टरमध्ये शेजारणीचे दुःखही तेच असते. दार उघडले की बोलायला माणूस असतो. परदेशात गेलेली मुलगी चार भिंतींत एकटी असते. शिवाय व्हिसाची अडचण. अमेरिकेत 'जे-२' व्हिसावर अर्ज करून कामाची परवानगी मिळू शकते, 'एच-४' व्हिसावर मात्र बहुतेकांना नोकरी करता येत नाही. इथे शाळेत शिकवणारी किंवा बँकेत बसणारी मुलगी तिथे नुसती वाट पाहत राहते.

अशा वेळी इकडून फोन जातो, "त्याच्याकडे नीट लक्ष दे, किती वाळलाय!" या बोलण्याने ती अधिक खचते. तो थकवा रुग्णालयातल्या कामातून आलेला असतो. चांगल्या स्वयंपाकाने त्याला आधार मिळेल, पण कामाचे तास कमी होणार नाहीत. यात बायकोचा दोष नाही, हे घरच्यांनी समजून घ्यावे.

दुरून आलेला शब्द

हा अनुभव आपल्याला नवा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकण्यास अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांचे पती गोपाळराव इकडेच राहिले. कडाक्याची थंडी, परके अन्न, अभ्यासाचा भार यात आनंदीबाईंची प्रकृती खालावत गेली. गोपाळरावांच्या पत्रांतून त्यांना उत्तेजन मिळे, तसे बोचरे बोलही ऐकावे लागत. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांना बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. क्षयाचे खापर पत्रांवर फोडता येणार नाही. पण थकलेल्या माणसाला दुरून आलेला शब्द किती लागतो, हे त्यावरून कळते.

आज पत्राची जागा फोनने घेतली आहे. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. रात्रपाळी करून आलेला मुलगा नेमका तेव्हाच झोपलेला असतो. म्हणून फोनची वेळ त्यांना ठरवू द्यावी.

जोडीदाराने काय करावे?

१. ड्युटीवरून आल्या आल्या वाद किंवा पैशाचे विषय काढू नयेत. आधी जेवण आणि झोप.

२. आठवड्यातला एखादा तास दोघांसाठी राखून ठेवावा. त्या वेळी रुग्णालयाचा विषय नको.

३. रात्रपाळीनंतर त्याला गाडी चालवू देऊ नये. झोपेअभावी अपघात होतात.

४. स्वतःची झोप, जेवण आणि मैत्रिणी त्याच्या ड्युटीला बांधू नयेत. गाडी शिकावी, वाचनालयात जावे, मराठी मंडळात ओळखी कराव्यात.

५. त्याचे डॉक्टर आपण होऊ नये आणि त्यालाही स्वतःची औषधे स्वतः घेऊ देऊ नयेत. त्याने दुसऱ्या डॉक्टरकडे जावे.

थकवा समजून घ्यावा, पण अपमान किंवा मारहाण सोसू नये. हात उगारायला थकवा हे कारण होत नाही.

केव्हा थांबू नये?

दोन आठवडे सतत उदासपणा, कशातच रस नसणे, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार, 'मी नसलो तर बरे' अशी भाषा, यांपैकी काही दिसले तर तो केवळ थकवा समजू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. मरणाची भाषा ऐकली तर एक दिवसही थांबू नये. डॉक्टरच्या हाताशी औषधे असतात, म्हणून धोका अधिक. अमेरिकेत ९८८ आणि भारतात 'टेली-मानस'चा १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. हीच लक्षणे सोबत करणाऱ्यातही दिसू शकतात. म्हणून घरच्यांनी फोनवर मुलाची खुशाली विचारताना सुनेचीही आवर्जून विचारावी, आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे.