शौर्य जवानाचं, शिक्का सरकारचा

१० जुलै १९४४. इटलीतल्या तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी जर्मनांच्या मोर्च्यावर चालून गेली. त्या कंपनीतल्या एका सेक्शनचे, म्हणजे मोजक्या जवानांच्या तुकडीचे, प्रमुख होते नाईक यशवंत घाडगे. आपल्याच कोकणातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. वय अवघं बावीस.

अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबतीला कुणी उरलेलं नाही, हे त्यांना कळत होतं. तरी ते एकटे मशीनगनवर धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी तोफ आणि ती चालवणारा दोन्ही गप्प केले. तिसऱ्याला नव्हे, दुसऱ्याला टॉमीगननं टिपलं. मग गोळ्या संपल्या. नवं मॅगझिन चढवायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केलं. तेवढ्यात लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला. एकट्यानं जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

हे सारं आपल्याला इतकं तपशिलात ठाऊक आहे, ते त्या पदकामुळे. शौर्यपदक मिळायचं तर घटनेची शिफारस लिहावी लागते, पाहणाऱ्यांच्या साक्षी लागतात. ती कागदपत्रं पलटणीपासून वरपर्यंत जातात आणि शेवटी सरकारी राजपत्रात नोंद छापून येते. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यायला हवा. पराक्रम पाहणारं कुणी जिवंत राहिलंच नाही, तर कागद होत नाही आणि पदकही मिळत नाही.

आणखी एक अडचण होती. शत्रूशी लढताना दाखवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर देता येतील, असे ब्रिटिश पद्धतीत त्या काळी दोनच सन्मान होते. सर्वांत वरचा व्हिक्टोरिया क्रॉस आणि सर्वांत खालचा, म्हणजे सेनापतीच्या अहवालात नावाचा उल्लेख. मधली मिलिटरी मेडलसारखी पदकं जिवंत माणसासाठीच असत. त्यामुळे मोठं धाडस करून मेलेल्या कितीतरी जवानांच्या वाट्याला फार तर एक ओळ आली.

हिंदी जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोय तरी कधी झाली? हे पदक सुरू झालं १८५६ साली. हिंदी सैनिकाला ते खुलं झालं १९११ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. ब्राँझचा साधा क्रूस, त्यावर राजमुकुट आणि सिंह, खाली ‘शौर्यासाठी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हे पदक वीस जणांना मिळालं. त्यांतले सहा हिंदी सैन्यातले होते.

त्या सहांत आणखी एक मराठी नाव आहे, शिपाई नामदेव जाधव. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्यांनी गोळीबारात आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांना एकेक करून सुरक्षित जागी आणलं. मग एकट्यानं मशीनगनची ठाणी मोडली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले. ते वाचले आणि १९८४ पर्यंत जगले.

समोरच्या खंदकातल्या जर्मन पायदळ सैनिकालाही पदकं मिळत होतीच. त्यांचा ‘आयर्न क्रॉस’ १८१३ साली प्रशियाच्या राजानं नेपोलियनविरुद्धच्या लढाईत सुरू केला. १९३९ मध्ये हिटलरनं तो पुन्हा आणला आणि मधोमध स्वस्तिक घातलं. ती पद्धत जिन्यासारखी होती. आधी दुसरा वर्ग, मग पहिला, त्याच्यावर नाइट्स क्रॉस. युद्ध हरल्यावर या पदकांचं करायचं काय, असा प्रश्न पश्चिम जर्मनीला पडला. १९५७ च्या कायद्यानं तोडगा काढला. पदक लावा, पण स्वस्तिक काढून.

प्रश्न आपल्याकडेही होता. घाडगे लढले ते परक्या राजाच्या फौजेत, आणि ‘चले जाव’ला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पण शौर्य जवानाचं असतं, शिक्का तेवढा सरकारचा असतो. आपण पुढे आपला शिक्का तयार केला. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र सुरू झालं. त्याचा आराखडा सावित्री खानोलकर यांचा. जन्मानं स्वित्झर्लंडच्या, लग्नानं मराठी घरातल्या. आणि घाडग्यांनाही कुणी विसरलं नाही. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या माँतोने गावानं त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, हे त्याचं बोधवाक्य.

आज मिरजोळ्याच्या धावपट्टीवर तटरक्षक दलाची विमानं उतरतात. पण या परिसराचा सैन्याशी संबंध त्याहून फार जुना आहे. कोकणी मराठ्यांची भरती पिढ्यान् पिढ्या होत आली, आणि इथल्या कित्येक घरांच्या चुली मनीऑर्डरीवर पेटल्या. त्या घरांतल्या ट्रंकांमध्ये अजूनही पदकं सापडतात. बहुतेक शौर्याची नसतात, मोहिमेत भाग घेतल्याची असतात. म्हणून ती कमी मोलाची ठरत नाहीत. पहिल्या महायुद्धातलं एक पदक चांदीचं होतं. अशी पदकं सोनाराकडे मोडीत घालू नका. हिंदी सैनिकांच्या पदकांच्या कडेवर किंवा पाठीवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाखाली धरून ते वाचा, वहीत उतरवून ठेवा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. ज्याची हकिकत कुणी लिहिली नाही, त्या पणजोबांच्या नोकरीची तेवढीच एक खूण उरलेली असू शकते.